रिमची आतली बाजू

आमची सायकल आढ्यावरून उतरवायला दोन माणसं लागायची. एकानं स्टुलावर चढून दोरी सोडायची, दुसऱ्यानं खालून तोलून धरायची. घरात माणसंच दोन, मी आणि आई. आईचे गुडघे गेलेले, म्हणून स्टुलावर मी आणि खाली ती. "सोड की गं आता," ती खालून ओरडायची. "सोडते, आधी नीट धर तरी," मी वरून. सोळा वर्षं दर दसऱ्याच्या आधी हे भांडण झालं आणि दर वर्षी सायकल शेवटी माझ्याच पायावर आली.

या सोळा वर्षांत त्या सायकलीवर कुणी बसलं नाही. तरी पावसाआधी तिला तेल फासायचं, टांगायची, आणि पाऊस सरला की उतरवून लख्ख करायची, हे काही चुकलं नाही. शेजारणी म्हणायच्या, बाई, तू दवाखान्यात सिस्टर आहेस का सायकलच्या दुकानात मिस्त्री? म्हणू देत. मी ती कशासाठी साफ करते हे मला ठाऊक होतं. वर्षातून एकदा मला तिच्या चाकांच्या रिमा आतल्या बाजूनं बोट फिरवून बघायच्या असत. माझ्या वडिलांचा जीव माझ्यामुळे गेला की नाही, याचं उत्तर तिथं आहे असं मला वाटायचं.

आता एकदम असं लिहिलं म्हणून दचकू नका. सांगते नीट.

आमचं गाव कुरवंडे, लोणावळ्याच्या वरच्या अंगाला. आमच्याकडे पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. चार महिने भिंतीला टेकलं तर पाठ ओली. लोखंडाचं तर विचारूच नका, सकाळी कोनाड्यात ठेवलेला विळा दोन दिवसांत तांबडा. म्हणून आषाढ लागायच्या आत घरातल्या झाडून सगळ्या लोखंडी जिनसांना जळकं ऑईल फासायचं, ही आमच्याकडची रीत. हायवेवरच्या गॅरेजातून गाड्यांचं काढून टाकलेलं काळं ऑईल डब्यातून आणायचं आणि विळे, कोयते, कुदळी, दाराच्या कड्या, सगळं चिंधीनं माखून टाकायचं. महिनाभर घराला गॅरेजचा वास. आबा, म्हणजे माझे वडील, सायकलीलाही हेच करायचे. टायर आणि ब्रेकची रबरं तेवढी वाचवायची, बाकी दांडी, चेन, तारा, रिमा, सगळं काळं. मग तरटात गुंडाळून पडवीत आढ्याला टांगायची. पावसाळाभर ते लोणावळ्याला पायीच जायचे. तिथं एका बंगल्यावर ते माळी होते.

पाऊस गेला की उलटं काम. आमच्या घरात देव्हारा नाही, आम्ही बौद्ध. गावात दसऱ्याला ट्रॅक्टर, मोटरसायकली, टेम्पो, सगळ्यांना झेंडूचे हार पडतात. आबा म्हणायचे, "पूजा न्हाई, पर सफाई हाय." त्यांच्या सफाईचं खरं कारण पांढरे कपडे. दसरा म्हणजे आमचा धम्मचक्राचा दिवस. त्या दिवशी पांढरा सदरा आणि पांढरी पँट घालून ते सायकलवरून लोणावळ्याच्या विहारात वंदनेला जायचे, आणि पँटला चेनचा एवढासा डाग लागला तरी दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला. म्हणून आदल्या दिवशी अंगणात सायकल उलटी उभी राहायची, सीट आणि हँडल खाली, चाकं वर. रॉकेलचा डबा, चिंध्या, दात घासायचा जुना ब्रश, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी, एवढं सामान.

त्या सायकलीचे ब्रेक दांड्याचे. आजच्या मुलांनी बघितले नसतील. केबलच्या जागी लोखंडी दांडे असतात, आणि ब्रेक दाबला की रबरं रिमच्या आतल्या बाजूवर, म्हणजे जिथं तारा अडकवलेल्या असतात त्या बाजूवर, जाऊन दाबतात. बाहेरची बाजू पुसायला सोपी, चाक फिरवत फडकं धरलं की झालं. आतल्या बाजूला मात्र प्रत्येक दोन तारांच्या मधून बोट घालावं लागतं. पुढच्या चाकाला बत्तीस तारा, मागच्याला चाळीस. आबा त्या बहात्तर फटी एक एक करून पुसायचे, आधी रॉकेलनं, मग राखेनं, मग जुन्या गंजीच्या कोरड्या फडक्यानं. तिथं तेल राहिलं तर ब्रेक नुसता घसरतो, चाक थांबत नाही, हे त्यांनी मला मी सात-आठ वर्षांची असताना चाक फिरवून दाखवलं होतं. म्हणजे ठाऊक नव्हतं असं म्हणायचीसुद्धा मला सोय नाही.

ज्या वर्षाचं सांगतेय, त्या वर्षी बांधावरचं गवत कापताना त्यांच्या उजव्या तळव्याला विळा लागला. टाके पडले, पट्टी बांधली. म्हणून सायकल माझ्याकडे आली. मी एकोणीस वर्षांची आणि घुश्शात. मला तळेगावला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं आणि आबा म्हणाले होते, "पुढल्या साली बगू." पुढल्या साली! माझ्या मैत्रिणी बॅगा भरून निघाल्या आणि मी इथं चेन घासत बसलेली. वड्याचं तेल वांग्यावर निघणारच. मी ब्रश आपटत होते, डबा सरकवायचा तर लाथेनं सरकवत होते. चेन घासली, मडगार्ड घासले, तारा चकचकीत केल्या, दोन्ही रिमा बाहेरून आरशासारख्या केल्या. मागच्या चाकाच्या आतल्या दहाबारा फटी पुसल्या असतील, तेवढ्यात बोटाचं साल गेलं आणि रॉकेल झोंबलं. मरू दे, म्हटलं. आत कोण बघतंय?

आबा पडवीत बसले होते, पट्टीचा हात मांडीवर ठेवून. त्यांनी विचारलं, "पोरी, रिमा आतनं पुसल्यास का?"

"व्हय, पुसल्या," मी म्हणाले. मानसुद्धा वर केली नाही.

नुसती चूक असती तर मी कधीतरी विसरले असते. माणूस चुकतोच, वॉर्डात मी रोज बघते. पण हे खोटं होतं, आणि मी त्यांच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य तेच राहिलं. रात्री मी पोट दुखतंय म्हणून जेवले नाही. सकाळी ते निघायच्या आधीच हंडा उचलून मुद्दाम नळावर गेले, म्हणजे तोंड बघायला नको. नळावर नंबर नव्हता तरी मी तिथंच रेंगाळले. परत आले तर सायकल गेलेली होती आणि आई चुलीपाशी होती.

गावाच्या खाली उतार आहे आणि त्यावर दोन वळणं. दुसऱ्या वळणाला मोरीचा कठडा आहे. लोणावळ्याहून वर येणाऱ्या जीपवाल्याला आबा त्या कठड्यापाशी दिसले. डोक्याला मार होता. आज मला ठाऊक आहे की तसा मार लागल्यावर माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून दुपारपर्यंत मी ते परत येतील असं धरून बसले होते. आले ते पांढऱ्या कपड्यांतच आले. सदरा वरून सगळा भरला होता. पँटवर तेलाचा एक डाग नव्हता.

विहारातली माणसं वंदना सोडून तशीच आमच्या अंगणात आली, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. सणाचे कपडे आणि मयताचे कपडे आमच्यात एकच, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट दिसलं. सायकल त्याआधीच कुणीतरी जीपच्या टपावरून आणून घरामागं ठेवली होती. तिला फार काही झालं नव्हतं, एक पायडल वाकला होता आणि मडगार्ड चेपलं होतं.

संध्याकाळच्या आत एक हवालदार आला. त्यानं सायकल अंगणाच्या कडेला आणवली, पुढचं चाक उचलून हातानं गरकन फिरवलं आणि ब्रेक दाबला. मी दारात उभी होते. आता चाक थांबणार नाही, आता हा बोट घालून बघणार, आता विचारणार की साफ कुणी केली होती. चाक खाडकन थांबलं. त्यानं मागचं फिरवलं. तेही थांबलं. "ब्रेक तर बरोबर आहेत," तो म्हणाला आणि लिहून घेऊन गेला. उतारावर तोल गेला, हाताला पट्टी होती, असं काहीसं त्यानं लिहिलं असणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे पांगल्यावर मी जाऊन आतून बोट फिरवलं. कोरडी. दोन्ही चाकं कोरडी ठणठणीत.

इथून माझं जे सुरू झालं ते गेल्या वर्षापर्यंत सुटलं नाही. मी पुसल्या नव्हत्या हे मला पक्कं ठाऊक होतं. मग तेल गेलं कुठं? एकच उत्तर मी स्वतःला दिलं, की आबांनीच पहाटे उठून, पट्टीच्या हातानं, त्या पुसल्या असतील. त्यांना माझा आवाज ओळखू आला असेल, ही खोटं बोलतेय हे कळलं असेल, आणि न बोलता त्यांनी काम केलं असेल. त्यांच्या स्वभावात ते बसत होतं. म्हणजे ब्रेक लागत होते. म्हणजे मी सुटले. मग दुसऱ्या दिवशी भात वाफळताना बघून अचानक मनात यायचं, की टाके घातलेल्या तळव्यानं बहात्तर फटी पुसणारा माणूस कुणी बघितलाय? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते उगाच नाही.

आणि माझे हात. हे कुणाला सांगितलं तर हसतील. मी आता सोमाटण्याजवळच्या एका दवाखान्यात नोकरी करते, त्यामुळे रोज जीपनं तो उतार उतरून लोणावळ्याला गाडी पकडावी लागते. जीप दुसऱ्या वळणाला आली की माझ्या दोन्ही हातांच्या मुठी आपोआप आवळल्या जातात. मी ब्रेक दाबते. मांडीवर पर्स असते, डबा असतो, कधी शेजारणीचं मूल असतं, काहीही असलं तरी दाबते. एकदा त्या मुलाचा दंड असा आवळला की ते रडायला लागलं आणि त्याच्या आईनं माझ्याकडे असं बघितलं की नको ते. वळण गेलं की हात सुटतात. दोन्ही तळव्यांवर नखांच्या खुणा.

पावसाळ्यात तर आणखी. पडवीत तरटात गुंडाळलेली सायकल टांगलेली. वारा कुरवंड्याच्या कड्यावरून चढून येतो आणि पडवीला दार नाही. मधूनच मागचं चाक थोडं हलायचं आणि फ्रीव्हील टिक, टिक, टिक करायचं, चार-पाच वेळा, आणि थांबायचं. आबा उतारावर पायडल मारायचे थांबले की असाच आवाज यायचा. भरदुपारी मी ताटावर बसलेली असायची आणि घास हातात राहायचा. आईलाही ऐकू यायचं. ती वर न बघता म्हणायची, "वारं हाय, जेव." मला भुताखेतांवर विश्वास नाही, आमच्या घरात त्याला थाराच नव्हता. पण भीती वाटायला भूत लागतंच असं कुठंय? मला त्या आवाजाची भीती वाटायची आणि तो थांबला की त्याहून जास्त वाटायची.

या सगळ्यात वाईट होतं ते आईचं बोलणं. घरी कुणीही आलं, नातलग असो, गावातला असो, की विहारातल्या बाया असोत, आबांचा विषय निघाला की आई एकच गोष्ट सांगायची. "मीच घाई केली. वंदनेला उशीर व्हईल, निगा की, आसं मीच म्हनलं. न्हाईतर पयल्या वळनावर उतरून चालत जायचं त्ये. मी घाई केली म्हनून बसून गेलं." दर वेळी तेच शब्द, त्याच क्रमानं. लोक म्हणायचे, असं मनाला लावून घेऊ नका मावशी. काही जणी बाहेर पडताना म्हणायच्या, बाईनंच घालवला बिचाऱ्याला. मी आतून ऐकायचे.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं माझ्याविषयी सगळे म्हणतात. डॉक्टर चुकला तर मी डॉक्टरला बोलते, मेट्रन चुकली तर मेट्रनला. ही एक गोष्ट मात्र मी गिळून बसले. किती वेळा ठरवलं, आज सांगायचंच, की आई, तुझी घाई नव्हे, माझं तेल. मग ती वाढायला यायची, नाहीतर माझ्या युनिफॉर्मला इस्त्री करत बसलेली दिसायची, आणि मी उद्यावर टाकायचे. तिनंच मला नर्स केलं होतं. आबा गेले त्याच्या पुढच्या सालीच तिनं त्यांच्या जागी बंगल्यावर खुरपं धरलं आणि मला रोजच्या गाडीनं तळेगावला पाठवलं. त्या बाईला मी काय सांगणार होते? की तू ज्या पोरीसाठी राबलीस तिनंच तुझं कुंकू... आमच्यात कुंकवाचं तेवढं नाही, पण तुम्हाला कळलं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या खालच्या माळावर होमस्टे निघाला. मालक पुण्याचा, माणूस गोड, सगळ्यांना मावशी-काका करतो. तो एकदा घरी काकड्या मागायला आला आणि पडवीत वर बघतच उभा राहिला. "मावशी, ही सायकल म्हणजे विंटेज आहे हो! आमच्या गेटपाशी ठेवू या का? पिवळा रंग देतो, कॅरिअरवर कुंड्या ठेवतो. लोक फोटो काढतील."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "फोटो काढायला कडा आहे की तुमच्या मागं, तिथं उभे करा लोकांना." तो ओशाळला. पण आई म्हणाली, "घिऊन जा. दसऱ्याच्या दिशी या. पुसून ठिवते."

मी तिच्याशी दोन दिवस भांडले. मला न विचारता कशी देतेस, आबांची वस्तू आहे, लाज नाही वाटत का. ती ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, "सोळा वर्सं तू जेवताना वर बगतीस. मला न्हाई बगवत."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली. शेवटची सफाई. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून बाटलीभर डिझेल आणलं होतं, आणि दवाखान्यातून जुने हातमोजे. दुपारचं मऊ ऊन होतं, खाचरात भात पिवळं पडत आलं होतं. सायकल अंगणात उलटी केली. आई पायरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत बसली. मी चेन घासली, तारा घासल्या, मडगार्डचं चेपलेलं ठिकाण उगाचच दोनदा घासलं. मग हातमोजा काढला. दर वर्षीप्रमाणे तारांमधून बोट आत घातलं. चार महिन्यांपूर्वी, पावसाआधी मीच फासलेलं ऑईल होतं तिथं, अर्थात. बोट काळं झालं. मी वेड्यासारखी त्या काळ्या बोटाकडे बघत राहिले, जणू हेच ते तेल. उद्या ही सायकल गेली की मला विचारायलासुद्धा काही राहणार नव्हतं.

"काय शोदतीस तितं दर साली?" आई म्हणाली.

मी तिच्याकडे न बघताच सांगून टाकलं. आई, त्या साली मी रिमा आतून पुसल्याच नव्हत्या. आबांनी विचारलं तर पुसल्या म्हणाले. खोटं बोलले. तुझी घाई नव्हती, माझं तेल होतं. असेल. मला ठाऊक नाही. नंतर बघितलं तर कोरड्या होत्या. आबांनी पुसल्या असतील. मला ठाऊक नाही गं. असं काहीतरी, उलटसुलट, सगळं एका दमात. पेशंटचे नातलग बोलतात तसं.

आईच्या हातातली शेंग सोलायची थांबली नाही.

"त्यांनी न्हाई पुसल्या," ती म्हणाली. "मी पुसल्या."

"कधी?"

"त्याच दिशी. गड्यांनी सायकल मागं आनून टाकलेली. तुज्या आबास्नी अंगनात ठिवलं व्हतं. ब्रेक कसा लागला न्हाई म्हनून मी मागं गेले आन बोट घातलं. काळं झालं बोट. दोनी चाकं आतनं तेलानं भरलेली. चुलीतली राख आनली आन बसले घासत. बाया हाका मारत व्हत्या, आगं म्होरं ये, त्यांच्यापाशी बस. मी म्हनलं, आले, आले. हवालदार यायच्या आत करायचं व्हतं."

मी एवढंच म्हणाले, "का?"

"का म्हंजी? त्यानं इचारलं आसतं सायकल कुनी पुसली, आन तू खरं सांगून मोकळी झाली आसतीस. मग जलमभर बापाला मारल्याली पोर. कोनी कोर्साला घेतलं आसतं, का कोनी दारात हुबं केलं आसतं? त्ये तर गेलं व्हतं. माज्याकडं तू यकटी ऱ्हायली व्हतीस."

"आणि ती घाई? तू घाई केलीस ते?"

"त्ये?" तिनं सालं पदरातून झटकली. "कुनावर तरी यायचंच व्हतं. मोकळं सोडलं आसतं तर लोकांनी शोदलं आसतं. म्हनून मी माज्यावर घेतलं."

"पण म्हणाली होतीस ना त्यांना, लवकर निघा म्हणून?"

"न्हाई," आई म्हणाली. "च्या ठिवला व्हता मी. थोडं थांबा, पोरगी पानी घिऊन आली की सोबत पिऊ, म्हनलं. त्येच थांबलं न्हाईत."

मी खालीच बसले, डिझेलच्या चिंध्यांवर. मला रडू आलं ते थांबेना. आबांनी पहाटे उठून माझी चूक निस्तरली, या एका गोष्टीवर मी सोळा वर्षं तगून होते, आणि ती गोष्ट कधी घडलीच नव्हती. तेल होतं. दोन्ही चाकांना होतं. आता शंकेला जागा नव्हती, मी केलं होतं. आणि आई तोंडानं ते स्वतःवर घेत असताना मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे, बाहेर यायचे, पाहुण्यांचे कप उचलायचे, आणि गप्प बसायचे. मला वाटायचं मी तिच्यापासून लपवतेय. ती मला लपवताना बघत होती. सोळा वर्षं, रोज.

"तू माझ्यावर चिडली नाहीस कधी?" मी विचारलं.

"चिडले की," आई म्हणाली. "लय चिडले. पयली दोन सालं तर तुजं तोंड बगवत नव्हतं. सकाळी तुजा डबा भरायला बसले की झाकनं आपटायची रागानं." शेंगांचं ताट तिनं माझ्याकडे सरकवलं, सोलायला. "पर भरायची."